भादव्याची अमावस्या आणि कागदी चकरी

मृग लागायच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला कळा सुरू झाल्या. उपकेंद्रातल्या कागदी चकतीनुसार बाळंतपणाला अजून एक महिना होता. घरातल्या सगळ्यांनी चकतीवर विश्वास ठेवला.

ही चकती म्हणजे एकावर एक बसवलेले दोन गोल पुठ्ठे. खालच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या कडेला जानेवारी ते डिसेंबरचे दिवस छापलेले असतात. वरचा लहान पुठ्ठा मधल्या पितळी रिव्हेटवर फिरतो. त्यावरचा एक बाण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर ठेवला की दुसरा बाण बाळंतपणाची तारीख दाखवतो. बेरीज न येणाऱ्यालाही ती वापरता येते, असं तिचं कौतुक केलं जातं. बेरीज येणाऱ्याचं डोकंही ती बंद करते, हे कोणी सांगत नाही. तिचं अधिकृत नाव ‘गर्भचक्र’. आमच्या गावच्या बायका तिला चकरी म्हणतात.

चकरी हा शब्द आमच्याकडे आधीपासून आहे. दिवाळीनंतर धान निघाला की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक असतं, दिवसा बाजार, आणि बाजाराच्या टोकाला चकरीवाला बसतो. आकडे लिहिलेली लाकडी चकती, एक खिळा आणि चामड्याची पट्टी, एवढंच त्याचं भांडवल. पोलीस येताना दिसले की तो चकतीवर भजी मांडतो. आयुष्यात पाहिलेल्या चकत्यांपैकी तेवढी एक प्रामाणिक होती. ती फसवते, हे फिरवणाऱ्याला माहीत होतं आणि खेळणाऱ्यालाही.

दुसरी चकती मी चंद्रपूरला, वर्तमानपत्राच्या कचेरीत पाहिली. फोटो लहानमोठा करण्यासाठी ती वापरत. मूळ फोटोची रुंदी आतल्या चकतीवर, पानावर हवी असलेली रुंदी बाहेरच्या चकतीवर. दोन्ही समोरासमोर आणल्या की एका खिडकीत टक्के दिसायचे. आमचे ज्येष्ठ उपसंपादक ती शर्टाच्या खिशात ठेवत आणि नवीन माणसाला हात लावू देत नसत. त्रैराशिक सातवीत शिकवलं जातं. तरी टक्के काढायची वेळ आली की ते चष्मा पुसत, चकती प्रकाशात धरत आणि आकडा असा सांगत, जणू कुठून तरी कौल मिळाला आहे. एकदा निधनवार्तेत भलत्याच माणसाचा फोटो लागला. दुसऱ्या दिवशी तो माणूस कचेरीत आला, खुर्चीवर बसला आणि चहा प्यायला. उपसंपादकांनी त्याला चकती दाखवली. ते म्हणाले, “आकार तर बरोबर आला होता.”

चकत्यांच्या सगळ्या इतिहासाला हे वाक्य लावता येतं. तो इतिहास जुना आहे आणि बराचसा केविलवाणा आहे. मध्ययुगातल्या युरोपात मठांतली हस्तलिखितं बनवणारे लोक चामड्याच्या पानांवर गोल तुकडे दोऱ्यानं ओवत. चंद्र कुठे आहे, सण कधी येतो, हे त्यातून काढत. एका विद्वानानं देवाचे गुण चकत्यांवर लिहिले. त्या फिरवल्या की परधर्मीयांना तर्कानंच आपला धर्म पटेल, अशी त्याची खात्री होती. पटला नाही. पुढे छापील ग्रंथ आले. त्यांत चकत्या सुट्या छापत, वाचकानं त्या कापून जागेवर लावायच्या. पुष्कळ प्रतींत त्या कधी कापल्याच गेल्या नाहीत, आणि ज्यांत लावल्या त्यांतल्या पुष्कळ हरवल्या. ग्रंथ तरीही आदरानं जपले गेले. विसाव्या शतकात जाहिरातवाल्यांना ही युक्ती सापडली. मग कॅमेऱ्याच्या प्रकाशासाठी चकती, गाडीच्या पेट्रोलसाठी चकती, रंगाला रंग जुळवायला चकती. अणुबॉम्ब किती मोठा आणि किती दूर पडला तर काय काय होईल, हे दाखवणारीही एक निघाली. ती कुठे उभं राहून बघायची, याची सूचना तिच्यावर नव्हती.

आमच्या गावात पहिली कागदी चकती बियाण्याच्या कंपनीनं आणली. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकल्याचा दिवस लावा, रोवणीचा दिवस बघा, खताचा दिवस बघा, कापणीचा दिवस बघा. तलावाला पाणी किती आहे, हे विचारायला तिच्यात खिडकी नव्हती. माझ्या भावानं ती सपरीत, म्हणजे पडवीत, टांगली. त्या वर्षी रोवणीचा दिवस आला तेव्हा भाताच्या बांधीत कोरड्या भेगा होत्या. भाऊ चकतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हे तं सांगून राह्यली का आजच रोवा.” आई म्हणाली, “मंग चकरीतच रोव.”

एवढं होऊनही गर्भचक्र आलं तेव्हा त्याच घरानं ते मान खाली घालून स्वीकारलं.

त्याच्या वाटपाच्या कार्यक्रमाला मी बातमीदार म्हणून होतो. एका संस्थेनं ते छापलं होतं. तालुक्याच्या सभागृहात नर्स आणि आशाताईंना खुर्च्यांवर बसवलं होतं, पाहुणे वर होते. चकतीवर एका हसऱ्या गोऱ्यापान बाईचं चित्र होतं. तिच्यासारखी बाई या तालुक्यात बहुधा त्या संस्थेच्या गाडीतूनच आली असती. प्रमुख पाहुण्यांनी बाण स्वतःच्या वाढदिवसावर ठेवला. दुसरा बाण कुठे थांबला, ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, “म्हणजे मी बाळंत होणार!” सभागृह हसलं. मागच्या रांगेतल्या एका नर्सनं विचारलं, “साहेब, बाईले तारीखच आठवत नसन तं?” पाहुण्यांनी संस्थेच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी म्हणाला, “जवळचा सण विचारा. कॅलेंडरमध्ये बघा. चक्र बाकीचं करेल.” टाळ्या झाल्या. या उत्तरात पुढचं सगळं होतं.

आता भावाच्या बायकोविषयी. ती छत्तीसगडची. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे आणि सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होतात. ती छत्तीसगडीत बोलते, आम्ही आमच्या बोलीत, आणि दोन्हीकडे हिंदीची भेसळ असल्यामुळे आपण एकमेकांना समजतो असं दोघांनाही वाटतं. माझ्या आईला ती दाई म्हणते. त्यांच्याकडे दाई म्हणजे आई. माझ्याशी ती बोलत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी सुनेनं बोलायचं नसतं, समोर आली तर पदर ओढायचा, असा त्यांच्याकडचा रिवाज आहे. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तोवर तिनं माझ्याशी एक शब्द उच्चारला नव्हता.

दिवस गेल्याची नोंद करायला भाऊ तिला उपकेंद्रात घेऊन गेला, आई सोबत होती. काय झालं ते आईनं नंतर पुष्कळदा सांगितलं, आणि नर्सबाईंनीही नाकारलं नाही. नर्सबाई चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यातल्या. कामाला चोख, आवाजाला मोठ्या. त्यांनी विचारलं, “शेवटची पाळी कधी आली होती?” नवरा दारात उभा, सासू बाजूला. ती लाजली. नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, “कोन्ता सण होता जवळ? तिथी आठवते का?” ती हळूच म्हणाली, “भादो अमावस.”

नर्सबाई खूश झाल्या. इतकं नेमकं उत्तर त्यांना सहसा मिळत नसे. त्यांनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उलटं चाळलं, भाद्रपद अमावस्येवर बोट ठेवलं, तारीख घेतली आणि चकतीचा बाण तिथे नेला. दुसरा बाण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थांबला. कार्डावर तारीख पडली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

सातव्या महिन्यात, म्हणजे चकतीच्या सातव्या महिन्यात, तालुक्याला शिबिरात सोनोग्राफी झाली. यंत्रानं बाळ महिनाभर पुढचं दाखवलं. शिबिरातल्या माणसानं कागदावर तसं लिहिलं. नर्सबाईंनी कागद वाचला, चकती पुन्हा फिरवली, बाण पुन्हा त्याच जागी थांबला. साहजिक होतं, चकतीला दुसरं काही येत नाही. त्या म्हणाल्या, “बाळ भरलं हाय मस्त. गोळ्या लागू पडल्या.” आईनं गल्लीत सांगितलं की सून गोळ्या नेमानं खाते. लाखो रुपयांचं यंत्र एका पुठ्ठ्यापुढे खोटं ठरलं आणि त्याचा घराला अभिमान वाटला.

मे संपता संपता सून आईला म्हणाली, “दाई, मोर नौ महीना पूर गे हे.” आई म्हणाली, “नाई पोरी. आठवा हाय. चकरीत पाहिलं ना.” सुनेनं मान डोलावली. पुढे मीही तिला पाहिलं. ओट्यावर बसून ती बोटं मोजायची आणि कोणी आलं की हात पदराखाली घ्यायची.

मी तेव्हा सुटी घेऊन गावी आलो होतो.

मृगाच्या आदल्या सकाळी ती चुलीपुढून उठली ती भिंतीला धरूनच. पहिल्यांदा सगळे आपापल्या कामात राहिले. दुसऱ्यांदा तिनं उंबरा धरला तेव्हा भावानं नर्सबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“कळा येऊन राह्यल्या, बाई.”

“कायच्या कळा? जुलै हाय ना तिचा. गॅस धरला असन. ओवा द्या, कोमट पाणी द्या, डाव्या कुशीवर निजवा.”

“थांबून थांबून येतेत पण.”

“खोट्या कळा अशाच येतेत. आता गाडी मागवली आन् परत आली का मलेच बोलतीन. दुपारून पाहू.”

भावानं फोन ठेवला. तो सुटल्यासारखा दिसला. “पाह्य, नर्सबाई म्हणते महिना हाय,” तो आईला म्हणाला, “मंग तू काऊन घाबरवून राह्यली सगळ्यायले?”

आई घाबरवत नव्हती. ती पाटावर बसून होती, हात मांडीवर. कळा खोट्या असतील, तर प्रश्नच नव्हता. खऱ्या असतील तर महिना आठवा होता, आणि आमच्याकडे लहानपणापासून प्रत्येकानं ऐकलेलं आहे की सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. ट्रंकेत आईनंच शिवलेली झबली होती, जुन्या लुगड्याची दुपटी होती. शेजारची म्हातारी आली आणि म्हणाली, “बाई, कपडे काढून ठेव, गरम पाणी ठेव.”

“मी काई काढत नाई,” आई म्हणाली. “आठव्याचं हाय. कायले काढू?”

हे तिनं सुनेसमोर सांगितलं. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

शेजारच्या म्हातारीनं तिच्या पोटावर हात ठेवला, थांबली, आणि भावाकडे पाहून म्हणाली, “हे खोट्या कळा नोहेत रे.”

“चकरीत जुलै हाय, माय.”

“मंग तुया चकरीले कळा येत असतीन. तिले निजव डाव्या कुशीवर.”

पुढची कळ आली तेव्हा सुनेच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला आणि भावानं पुन्हा फोन लावला. नर्सबाई दुसऱ्या गावी लसीकरणाला निघाल्या होत्या. रुग्णवाहिका दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन गेली होती. मी गाडी काढली. मागे आई, तिच्या मांडीवर सुनेचं डोकं, पुढे भाऊ. शेजारच्या म्हातारीनं ट्रंक स्वतः उघडली आणि दुपटी खिडकीतून आत टाकली. आईनं ती पायाशी पडू दिली.

ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळा रस्ता जंगलातून आहे. वादळानं पडलेलं झाड एका ठिकाणी अर्धंच हटवलेलं होतं. मी जपून चालवत होतो, कारण खड्डे होते. आई काहीतरी पुटपुटत होती. भाऊ खिशातून कार्ड काढून पुन्हा पुन्हा तारीख वाचत होता, जणू बारकाईनं वाचली तर ती बदलेल. मागून आवाज आला.

“अउ जल्दी चलावव.”

आणखी जोरात चालवा. आवाज आईचा नव्हता. भावानं मान वळवली. ती माझ्याशी बोलली होती, पदर डोक्यावर नव्हता. मी वेग वाढवला.

रुग्णालयात डॉक्टर तरुण होते. त्यांनी कार्ड पाहिलं, महिना वाचला आणि जिल्ह्याला पाठवायची तयारी सुरू केली. आठ महिन्यांच्या बाळाला श्वास घेता येईलच असं नाही, तिथे काचेची पेटी आहे, असं त्यांनी भावाला सांगितलं. कार्डावर जे होतं त्यावरून ते बरोबरच बोलत होते. भाऊ खाली बसला. आई म्हणाली, “मले मालूम होतं.” डॉक्टरांनी सुनेला तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले की आता कुठेही नेता येणार नाही, रस्त्यातच होईल.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर भिंतीवर तीच हसरी गोरी बाई होती, पोस्टरच्या आकारात. हातात चकती धरलेली. आईनं तिच्याकडे पाठ केली.

बाळ रडलं तेव्हा आई उठली नाही. रडण्याचा आवाज आठ महिन्यांच्या बाळाच्या मानानं मोठा होता, पण आईला आवाजाचं काही सांगता येण्यासारखं नव्हतं. काही वेळानं डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग होता.

“तारीख कोणी काढली?”

भावानं कार्ड पुढे केलं.

“हे आठ महिन्यांचं बाळ नाही. वजन तीन किलोच्या वर आहे. नखं बोटांच्या पुढे गेलीत, तळपायाला पूर्ण रेघा आहेत. पूर्ण दिवसांची मुलगी आहे. घरी का थांबलात?”

“चकरीत जुलै होता, साहेब,” भाऊ म्हणाला.

“कशात?”

भावानं पोस्टरकडे बोट दाखवलं.

आई तोपर्यंत गाडीकडे गेली होती. दुपटी घेऊन आली, झटकली, आणि कोणालाही न विचारता आत शिरली.

चूक कुठे झाली, ते त्या दिवशी वॉर्डातच निघालं. आईनं सुनेला विचारलं, “तुले शेवटची पाळी आली कवा होती? खरं सांग.”

“बताय रहेंव न, दाई. भादो अमावस. पोरा तिहार के दिन.”

“पोऱ्याच्या दिवशी? म्हणजे पोळा? बैलायचा पोळा?”

“हव.”

“अवं, पोळा श्रावणात येते!”

“नइ दाई, पोरा भादो मं आथे.”

“मी जनमभर बैलं पुजली, मले सांगते! पोळा श्रावणाच्या अमावस्येले. भादव्याची अमावस्या पितरायची.”

“हमर गांव मं भादो मं आथे.”

“तुमच्या गावचे बैल येगळे हायेत का?”

मुलगी मध्ये निजली होती. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, “दोघी बी खऱ्या असतीन, पोरीले नका उठवू.”

दोघीही खऱ्या होत्या. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो. छत्तीसगडात, आणि उत्तरेकडे सगळीकडेच, तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे वद्य पंधरवड्याचं नाव त्यांच्याकडे एक महिना पुढचं असतं. जी अमावस्या आपण श्रावणाची म्हणतो, ती त्यांची भादव्याची. त्या दिवशी सीमेच्या दोन्ही बाजूंना बैल सजतात, पुरणपोळी किंवा बेसनाची ठेठरी होते, आकाशात एकच नसलेला चंद्र असतो. हे पंचांग लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सीमेवर सोयरिकी करणाऱ्या आमच्यासारख्या घरांनाही ठाऊक असायला हवं होतं; दर वर्षी सून पोळ्यानंतर तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, माहेरी जाते, आणि पोरा-तीजा दोन्ही ती भादव्यातच मोजते, एवढं आम्ही ऐकतच होतो. सुनेनं “पोरा” हा शब्द उच्चारला असता तरी चाललं असतं. तिला सणापाठोपाठ तिथीही विचारली गेली, म्हणून तिनं तिथी सांगितली.

चकतीत बिघाड नव्हता. तिनं तिला दिलेल्या तारखेत ठरलेले दिवस मिळवले. मठातल्या चकत्यांनी हेच केलं, उपसंपादकांच्या चकतीनंही हेच केलं. आकार बरोबर आला होता.

मी संस्थेला कळवलं. काय झालं ते आणि कशामुळे झालं ते, एका पानात. उत्तर आलं. त्यात आभार होते, आणि चक्राची पुढची आवृत्ती अधिक आकर्षक रंगांत येत असल्याची माहिती होती. सोबत नमुन्याचं चित्र जोडलं होतं. बाई तीच होती. साडी बदलली होती.

नर्सबाई आठवड्याभरानं घरी आल्या. मुलीला मांडीवर घेतलं, बेंबी पाहिली, पाय पाहिले. आईनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, “बाई, पोळा कोन्त्या महिन्यात येते?”

“श्रावणात.”

“हिले विचारा.”

नर्सबाईंनी सुनेला विचारलं. सुनेनं सांगितलं. नर्सबाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “आम्हाले हे कोणी शिकवलंच नाई.” मग त्यांच्या हद्दीतल्या सीमेपलीकडच्या सुना कोण कोण आहेत, ते त्या आईला विचारत बसल्या. चार नावं निघाली. त्यांतल्या दोघींना दिवस गेले होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, चकतीनं काढलेल्या तारखेला, भावाच्या मोबाइलवर संस्थेचा ध्वनिमुद्रित फोन आला. बाईचा आवाज होता, शुद्ध मराठीत. अभिनंदन, आज आपल्या प्रसूतीची अपेक्षित तारीख आहे, कळा सुरू झाल्या असल्यास एक दाबा. भावानं फोन आईला दिला. आईनं तो ऐकला आणि सुनेच्या कानाला लावला. सुनेनं शेवटपर्यंत ऐकलं आणि काहीच दाबलं नाही.

मुलगी पाळण्यात होती. त्या आठवड्यात तिचं वजन चार किलोच्या वर गेलं होतं.